कीर्द, खतावणी आणि चौदा तारीख

हिशेबनिसाचे काम मुळात दोन भागांचे असते. व्यवहार लिहून ठेवणे हा पहिला भाग, आणि लिहिलेले खरे आहे की नाही हे पाहणे हा दुसरा. संगणकाने पहिला भाग जवळजवळ संपवला आणि दुसरा कितीतरी वाढवला. पेण-रोह्याच्या बाजारपेठेत, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आणि हमरापूर-जोह्याच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत हा बदल स्पष्ट दिसतो.

वहीच्या काळात दिवसभराची जमा आणि नावे कीर्दीत उतरत. रात्री रोजमेळ घालून गल्ल्यातली रोकड मोजली जाई. कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि वर्षअखेरीस ताळेबंद, अशी ही उतरंड होती. एकच रक्कम तीनदा हाताने लिहावी लागे, आणि तेरजेत रुपयाचा फरक निघाला तर तो शोधण्यात दिवाणजींचे दोन-तीन दिवस जात. बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे ‘टॅली’ पुढे गावोगाव पोहोचले आणि ही उतरंड मोडली. एंट्री एकदा मारली की खाते, तेरीज आणि ताळेबंद त्याच क्षणी तयार होतात. बेरीज चुकणे हा प्रकार उरला नाही. चुकीच्या खात्यात रक्कम टाकणे मात्र उरले, आणि तो दोष बेरजेवरून कळत नाही.

टॅली आले तरी हिशेब दुकानाच्या चार भिंतींत होता. तो बाहेर काढला वस्तू व सेवा कराने. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला आणि विकणाऱ्याचा हिशेब घेणाऱ्याच्या हिशेबाशी कायमचा बांधला गेला. धाटावच्या कारखान्यातून रसायनाची पिंपे भरलेला ट्रक वापीला निघतो, तेव्हा काय घडते ते पाहण्यासारखे आहे. कारखान्याची वार्षिक उलाढाल 5 कोटी रुपयांच्या वर असेल, तर 1 ऑगस्ट 2023 पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेले बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते. तिथून 64 अक्षरी क्रमांक आणि क्यूआर कोड मिळाल्याशिवाय ते बिल ग्राह्य नाही. राज्याबाहेर जाणारा माल 50,000 रुपयांपेक्षा अधिक किमतीचा असला की ई-वे बिलही लागते. त्यावर गाडीचा नंबर असतो आणि साधारण दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाखाची आहे. फाटकातून गाडी बाहेर पडण्याआधीच विक्रीची नोंद सरकारदरबारी पोहोचलेली असते.

पुढचे काम तारखांचे. दरमहा रिटर्न भरणारा विक्रेता महिन्याची बिले पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत चढवतो. 14 तारखेला त्या बिलांवरून खरेदीदाराचे ‘टू-बी’ हे विवरण आपोआप तयार होते. 20 तारखेपर्यंत ‘थ्री-बी’ हे रिटर्न भरून कर जमा करायचा. लहान व्यापाऱ्यांना तिमाही विवरणाची सवलत आहे. जानेवारी 2022 पासून नियम असा आहे, की जे बिल टू-बीमध्ये दिसत नाही त्याचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. म्हणजे रोह्याच्या दुकानदाराने पनवेलच्या घाऊक व्यापाऱ्याला कर धरून पूर्ण पैसे दिले, पावतीही हातात आहे, पण त्या व्यापाऱ्याने बिल चढवलेच नाही, तर दुकानदाराचे क्रेडिट अडकते. चूक एकाची आणि तोशीस दुसऱ्याला. म्हणून हिशेबनिसाचा महिना आता 14 तारखेभोवती फिरतो: खरेदीची नोंद आणि टू-बी समोरासमोर ठेवायचे, न जुळलेली बिले वेगळी काढायची, मग फोन, निरोप, पाठपुरावा. जुळणीचे काम सॉफ्टवेअर काही मिनिटांत करते. त्या फोनपलीकडच्या माणसाला बिल चढवायला लावणे हे अजून माणसाचेच काम आहे, आणि पगार खरा त्याचाच आहे.

पेणच्या मूर्तिकारांचा हिशेब याहून वेगळ्या वळणाचा. माती, रंग, मजुरी यांचा खर्च वर्षभर चालू असतो आणि पैसा मुख्यतः गणपतीच्या आगेमागे येतो. पूर्वी बयाणा रोख मिळे आणि डायरीत लिहिला जाई. आता त्यातला बराचसा यूपीआयने येतो आणि लिहो न लिहो, बँकेच्या उताऱ्यात राहतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर करदात्याचे वार्षिक माहिती विवरण मिळते. त्यात व्याज, मोठ्या ठेवी, खरेदी-विक्री अशा नोंदी आधीच जमलेल्या असतात. लपवणे त्यामुळे अवघड झाले, पण प्रामाणिक कारागिराचा यात फायदाही आहे. अंदाजित नफ्याच्या सवलतीत रोख विक्रीवर किमान 8 टक्के नफा धरतात, बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर 6 टक्के. शिवाय हंगामापूर्वी भांडवल उचलायचे, तर बँक रिटर्न आणि खात्याचा उतारा मागते. डायरीला तिथे किंमत नाही.

संगणकात लिहिले म्हणजे खरे, हा समज मात्र घातक आहे, आणि हे पेणकरांना सांगावे लागत नाही. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध आणले. बनावट कर्जखात्यांचा प्रकार उघड झाला आणि ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली. 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत मूठभर बुडीत कर्जखाती झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवल्याचे समोर आले. हाताने एवढी खाती लिहायला कारकुनांची फौज लागली असती. यंत्र खोटेही तेवढ्याच वेगाने लिहिते.

यावरचे काही उपाय तंत्रानेच दिले आहेत. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहणे सक्तीचे आहे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. वहीतली खाडाखोड डोळ्यांना दिसत असे, तशी ही डिजिटल खाडाखोडही आता दिसते. सनदी लेखापालाच्या सहीचे प्रमाणपत्र खरे की बनावट हे त्यावरच्या 18 अंकी-अक्षरी क्रमांकावरून बँकेला तपासता येते. 2019 मध्ये ही पद्धत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

सनदी लेखापालांची संस्था 1 जुलै 1949 रोजी स्थापन झाली.  त्या पिढीतला उमेदवार व्हाउचर तपासत, टिकमार्क करत शिकला. आता बिलाचा फोटो वाचून एंट्री सुचवणारी सॉफ्टवेअर आली आहेत, आणि 2023 च्या नव्या योजनेत उमेदवारीचा काळही तीन वर्षांवरून दोनवर आला आहे. नुसती एंट्री मारणाऱ्याची गरज कमी होत जाणार. मालाचा साठा गोदामात जाऊन मोजणारा, हे बिल कशाचे म्हणून विचारणारा लेखापाल मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागेल. पेण-रोह्यात राहून मुंबईच्या ग्राहकाचे काम करणे त्याला शक्य आहे, तसेच मुंबईच्या कार्यालयाला रोह्याचे काम घेणेही. स्पर्धा दोन्ही बाजूंनी उघडली आहे.

व्यापाऱ्याने एवढे तरी करावे: पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल क्रमांक स्वतःचा असावा, पासवर्ड स्वतःला माहीत असावा, आणि दर महिन्याच्या 14 तारखेनंतर आपले टू-बी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.