गरिबाचा दिवाणी दावा आणि विनामूल्य वकील

फौजदारी आरोपांत सांपडलेल्या गरिबास सरकारी खर्चानें वकील मिळतो, ही गोष्ट आतां खेड्यापाड्यांतून बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु जमिनीचा, वारसाचा, पोटगीचा, बांधाचा किंवा कर्जाचा दिवाणी दावा लागला असतांही तसाच वकील मिळूं शकतो, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसावें. तो कोणास मिळतो, कोठें मिळतो आणि तो मागतांना कोणती चूक अंगाशीं येते, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां एके दिवशीं एक विधवा बाई कोर्टाचा कागद घेऊन कचेरींत आली. नवऱ्याच्या वांटणीच्या जमिनीवर दिरानें दावा लाविला होता. समन्स कित्येक महिन्यांपूर्वींच बजावलें गेलें होतें. पण वकिलास द्यावयास पैसे नाहींत, मग कोर्टांत जाऊन काय करावयाचें, अशा समजुतीनें तिनें तें फळीवर ठेवून दिलें. हातांतला कागद एकतर्फी हुकूमनाम्याचा होता व त्यासही दोन महिने उलटले होते. ज्या फेरफारानें तिच्या नवऱ्याचें नांव लागलें, तो फेरफार आमच्याच दप्तरांत होता. परंतु तो न्यायाधीशांपुढें ठेवणारें कोणी नव्हतें. आम्हीं तिला नक्कल काढून दिली आणि वाट दाखविली. त्याच तालुक्याच्या कोर्टाच्या आवारांत तिला फुकट वकील मिळाला असता, हें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. कायद्याच्या कागदांत दिवस काढणारास जें ठाऊक नव्हतें, तें त्या बाईस कोठून असणार? हा लेख लिहिण्याचें कारण हेंच होय.

ही अडचण आजची नव्हे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जबाजारी कुणब्यांनीं सावकारांचे रोखे व खातीं जाळलीं आणि दंगा आसपासच्या मुलुखांत पसरला. त्या काळीं सावकारांच्या फिर्यादींचे निकाल मोठ्या संख्येनें एकतर्फी होत; कुणबी कोर्टांत हजरच होत नसे. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यांत एक कलम असें होतें कीं, विरुद्ध पक्षाकडे वकील असून शेतकऱ्यास वकील देण्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीशानें जिल्हा न्यायाधीशाच्या मंजुरीनें सरकारी वकिलास, अथवा खुषीनें तयार असलेल्या दुसऱ्या योग्य माणसास, शेतकऱ्याच्या बाजूनें उभें करावें. तो कायदा आतां राहिला नाहीं. पण गरिबाच्या बाजूनें जाणता माणूस उभा असावा, हें तत्त्व त्यानें मान्य केलें होतें. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं याच प्रश्नाच्या विचारासाठीं समिति नेमिली. पुढें राज्यघटनेंत ३९अ हें कलम १९७६ सालच्या दुरुस्तीनें आलें, १९८७ सालीं विधि सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आला.

या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणें स्त्रिया व मुलें, अनुसूचित जाति व जमातींचे लोक, अपंग, कारखान्यांतील कामगार, कोठडींत असलेले लोक, तसेंच पूर, अवर्षण, भूकंप अशा आपत्तींत सांपडलेले लोक यांस विनामूल्य वकील मागण्याचा हक्क आहे. यांच्या बाबतींत उत्पन्नाची अट नाहीं. स्त्री कितीही सधन घरांतील असली तरी तिला हा हक्क आहे, हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें. बाकीच्यांस उत्पन्नाची मर्यादा आहे. ती महाराष्ट्रांत वर्षास ३ लाख रुपयांची आहे. म्हणजे कोरडवाहू जमिनीचा पुष्कळ लहान खातेदार या मर्यादेंत बसतो. उत्पन्नाबद्दल स्वतःचें प्रतिज्ञापत्र पुरेसें मानण्याची कायद्यांत सोय आहे. मात्र दाव्यांत प्रथमदर्शनीं कांहीं तथ्य दिसलें पाहिजे.

अर्ज कोठें करावा? तालुक्याच्या कोर्टाच्या आवारांत तालुका विधि सेवा समिति असते व तेथील ज्येष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याच्या ठिकाणीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरण असून त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनि करूनही माहिती मिळते. लिहितां न येणाराची हकीकत तेथेंच लिहून घेऊन त्याचा अंगठा घेतात. अर्ज मंजूर झाल्यावर वकिलाची फी, कोर्ट फी, समन्साचा खर्च, नकलांचा खर्च यांचा भार समिति सोसते. ही मदत केवळ कोर्टापुरती नाहीं. न्यायनिवाडा करणाऱ्या इतर अधिकाऱ्यांपुढेंही ती मिळते. म्हणून तहसीलदारापुढील तक्रारी नोंदीच्या किंवा प्रांताधिकाऱ्यापुढील अपिलाच्या कामींही ती मागावी. नुसता सल्ला पाहिजे असेल, तर तोही मागतां येतो.

येथें दोन प्रकारच्या वकिलांमधील भेद समजून घ्यावा. समितीच्या यादीवरील वकिलास ठराविक मोबदला समितीकडून मिळतो. त्यानें पक्षकाराकडून एक पैसाही घ्यावयाचा नाहीं. कोणी मागितल्यास तशी तक्रार समितीच्या अध्यक्षांकडे करावी. दुसरे वकील स्वखुषीनें, मोबदल्याशिवाय काम करणारे. अशा वकिलांचीं नांवें नोंदवून त्यांची व गरजूंची गांठ घालून देण्याची ‘न्याय बंधु’ नांवाची योजना केंद्र सरकारच्या न्याय विभागानें २०१७ सालीं सुरू केली. उत्तम चालणाऱ्या वकिलानें वर्षांतून दोनचार गरिबांचीं कामें पत्करलीं, तर त्याचें फारसें अडत नाहीं आणि एखाद्याचें घर वांचतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें वकिली करितात, त्यांनीं ही गोष्ट त्यांच्या कानीं घालावी.

आतां मुख्य सावधगिरी. वकिलासाठीं अर्ज केला म्हणून दाव्याची मुदत थांबत नाहीं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावयाची असते. कोर्ट कारण पाहून ती ९० दिवसांपर्यंत घेऊं शकतें. समन्स रीतसर बजावूनही एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागतां येते, पण ती मिळेलच असा भरंवसा नाहीं. याकरितां कागद हातीं पडतांच, शक्य तर त्याच आठवड्यांत, समितीकडे जावें. जातांना समन्स व त्यासोबतचे सर्व कागद, सात-बारा, आठ-अ, संबंधित फेरफाराची नक्कल आणि ओळखीचा पुरावा बरोबर न्यावा. वकील मिळेपर्यंत तारखेस स्वतः हजर राहून, समितीकडे अर्ज केला आहे, असें न्यायाधीशांस सांगावें व मुदत मागावी. गैरहजर मात्र राहूं नये.

लोकअदालतींत तडजोड करण्याचा सल्ला मिळाला, तर तो पुष्कळदां हिताचा असतो. भरलेली कोर्ट फीही परत मिळते. परंतु तेथील निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील नाहीं. म्हणून कागद दोनदां वाचून घेतल्यावांचून सही किंवा अंगठा करूं नये. बहिणीनें भावांच्या आग्रहास्तव हक्क सोडतांना तर हें विशेषच पाळावें.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपण जमीनवाले. आपल्या गड्यास, वांटेकऱ्यास किंवा भावजयीस वकील मिळाला, तर तो कदाचित् आपल्याविरुद्धच उभा राहील, अशी शंका कोणाच्या मनांत येईल. येवो. आपली बाजू खरी असेल, तर समोर वकील असल्यानें ती खोटी ठरत नाहीं. आणि खरी नसेल, तर दुसऱ्याच्या अज्ञानावर मिळविलेली जमीन पुढील पिढीस भांडणेंच वारसा म्हणून देते. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें आपल्या फलकावर तालुका समितीचा पत्ता व वरील क्रमांक ठळक अक्षरांनीं लिहावा, आणि ज्यास वाचतां येत नाहीं त्यास तो वाचून दाखवावा, अशी आमची विनंति आहे. आमच्याकडून एका बाईच्या बाबतींत जें राहून गेलें, तें दुसऱ्या कोणाच्या बाबतींत राहूं नये.