तिफण : जुनी घडण, जुनाच दोष

वाशीम तालुक्यातील अनसिंग व त्याच्या आसपासची गावे वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या प्रदेशात मोडतात. १ जुलै १९९८ रोजी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. तत्पूर्वी हा भाग अकोला जिल्ह्यात होता. गेल्या दोन पिढ्यांत येथील पिके पालटली. कापूस व ज्वारी यांच्या जागी आज बहुतेक ठिकाणी सोयाबीन व त्यात तूर असा पेरा दिसतो. बैलजोड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले. परंतु पेरणीच्या अवजाराची मूळ घडण मात्र जवळजवळ पूर्वीचीच राहिली आहे. ती का टिकली व तिच्यातील कोणता दोष तिच्याबरोबरच टिकून राहिला, हे पाहणे पेरणीच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

प्रथम वखराचा विचार करू. वखर म्हणजे बाभळीचे दिंड, त्याखाली हातभर लांबीची लोखंडी पास, धरण्यास रुमणे व ओढण्यास दांडी. याहून साधे अवजार क्वचितच आढळेल. काळी माती ओलीने फुगते, वाळताना आकसते व तिला खोल भेगा पडतात. या भेगांतून पोटातील ओल उडून जाते. वखराची पास जमिनीच्या पृष्ठभागाखालून सपाट सरकते, तणांची मुळे कापते व वर भुसभुशीत मातीचा पातळ थर सोडते. या थराने भेगा बुजतात. नांगरासारखी ती माती उलथीत नाही, म्हणून ओलही उघडी पडत नाही. वऱ्हाडात पूर्वी दरवर्षी नांगरट करण्याची चाल नव्हती. पुष्कळशी मशागत वखरावरच भागत असे. उभ्या पिकात चालणारा डवरा हा वखराचाच धाकटा भाऊ होय.

तिफणीची रचना याहून अधिक विचारपूर्वक केलेली आहे. तीन फण एका दिंडात ठरावीक अंतरावर बसविलेले असतात. प्रत्येक फणाच्या मागील छिद्रात एक पोकळ नळी असते व तिन्ही नळ्या वर एका चाड्यात येऊन मिळतात. पेरणारा मुठीतील बी बोटांच्या फटीतून सारख्या प्रमाणात चाड्यात सोडतो व ते तीन ओळींत विभागले जाऊन ओलीवर पडते. तुरीसारख्या मिश्रपिकासाठी मागे दोरीने सरते बांधतात. ते बहुधा स्त्रिया धरतात व त्यांची मूठही तितकीच नेमकी असावी लागते.

बी नळीवाटे ओळीत पाडण्याची कल्पना फार प्राचीन आहे. मेसोपोटेमियातील मुद्रांवर एका नळीच्या पेरणी-नांगराची चित्रे कोरलेली आढळतात. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने आपले पेरणी यंत्र १७०१ च्या सुमारास तयार केले. आणि त्याच शतकाच्या अखेरीस दक्षिण हिंदुस्थानातील शेतकरी पाभरीने ओळीत पेरतात हे पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याची वर्णने मायदेशी धाडली. पुढे १८८९ मध्ये आलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात, तत्कालीन परिस्थितीत देशी अवजारांत सुधारणेस फारसा वाव नाही, असे मत दिले. हे मत सर्वस्वी खरे ठरले नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीने शेतकरी तो घेण्यास कचरत. परंतु हरळी-कुंद्याने व्यापलेल्या जमिनीत खोल नांगरटीचा उपयोग दिसताच तो सर्वत्र पसरला. जुने म्हणून धरून ठेवणे व जुने म्हणून टाकून देणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात.

आजचे ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्र बारकाईने पाहिल्यास त्यात तिफणच दिसते. चाड्याची पेटी झाली, मुठीचे काम चाकावर फिरणाऱ्या चकतीने घेतले, फणांची संख्या वाढली. फण व नळी मात्र तशीच आहेत. आणि म्हणूनच जुना दोषही तसाच आहे, तो म्हणजे नळी चोंदणे. ओल अधिक असता फणाच्या छिद्रात चिखल शिरतो व बी अडते. बैलाच्या तिफणीत हे तिघांपैकी एका ओळीचे नुकसान असे आणि पेरणाऱ्याच्या ते लवकर ध्यानात येई, कारण चाड्यात बी साठू लागे. यंत्रावर पेटी झाकलेली असते. चालकाची पाठ फणांकडे असते. आणि रिकामी ओळ दिसते ती उगवणीच्या वेळी. महागाचे बी व पावसाचे मोजके दिवस लक्षात घेता हे लहानसहान नुकसान नव्हे.

चिखल बहुधा धुऱ्यावर वळतानाच शिरतो. अवजार उभ्या जागी खाली टेकविल्यास फण मातीत रुततो व छिद्र बंद होते. यास्तव बैल अथवा ट्रॅक्टर पुढे चालू लागल्यावरच फण जमिनीत सोडावेत. प्रत्येक वळणावर नळ्यांवर नजर टाकावी. पारदर्शक नळ्या असल्यास बी पडताना दिसते. यंत्रामागे एक माणूस चालविण्याचा खर्च वाचवू नये. चाडे एका अंगाला कलल्यास एका ओळीत दाट व दुसरीत विरळ पेर होते, तेही पाहावे.

सोयाबीनचे बी तीन ते चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये व दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर राखावे. फण दिंडात पक्के बसविलेले असल्याने जुन्या पिकाच्या अंतराची तिफण नव्या पिकास तशीच वापरली जाते. पेरणीपूर्वी पट्टीने मोजून पाहणे बरे. एका बाबतीत मात्र जुन्या तिफणीत बदल अवश्य करावा : बियाबरोबर एकाच नळीतून खत देऊ नये. दोन चाड्यांच्या अवजाराने खत बियाच्या बाजूस व थोडे खाली पडते, त्यामुळे कोंबास इजा होत नाही व खत मुळांच्या आवाक्यात राहते.

इतके करूनही आठव्या दिवशी एखादे तास रिकामे आढळल्यास सगळे शेत मोडण्याची घाई करू नये. ओल आहे तोवर त्याच ओळीत त्याच वाणाचे बी टोकून नांगे भरून घ्यावेत.