गर्दीच्या आगगाडींतून उतरणें

आगगाडींत चढणें कठीण, हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु तींतून उतरणें कित्येकदां त्याहूनही कठीण असतें, हें मुंबईच्या लोकल गाडीनें जाणाऱ्यासच कळतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, तेव्हां तिच्या १४ डब्यांत सुमारें ४०० मंडळी होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं विजेची पहिली गाडी कुर्ल्यापर्यंत धावली. आज ऐन गर्दीच्या वेळीं एका चौरस मीटर जागेंत १४ ते १६ उतारू उभे असतात. दोन मुलांचें बाक जेमतेम मावेल, एवढीच ती जागा!

अशा डब्याच्या मध्यभागीं उभ्या असलेल्या उतारूची स्थिति पहा. त्याचें स्टेशन येतें, फलाटही दिसतो. पण दारापर्यंत वीस माणसें एकमेकांस खेटून उभीं असतात. त्यांपैकीं पुष्कळांस पुढें जावयाचें असतें, आणि फलाटावरचे लोक आंत घुसूं पाहतात. ‘अहो, उतरूं द्या’ असें तो म्हणतो तोंच गाडी सुटते. विरारच्या गाडींत बोरिवलीचा उतारू चढला, तर त्यास वाट मिळण्याऐवजीं पुष्कळदां बोलच ऐकावे लागतात.

या अडचणीचें गणित सोपें आहे. बहुतेक स्टेशनांवर गाडी अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबत नाहीं. दाराच्या मध्यें उभा दांडा असल्यामुळें एका वेळीं दोनच माणसें सुखानें जाऊं शकतात. प्रत्येक जोडीस एक सेकंद लागतो असें धरूं. चोवीस माणसें उतरावयाचीं व चोवीस चढावयाचीं असल्यास, उतरण्यास १२ व चढण्यास १२ मिळून २४ सेकंद होतात. म्हणजे वेळ पुरतो. परंतु दोन्हींकडून एकदम लोट आला, तर छातीस छाती भिडते, कोणीच हलत नाहीं आणि सगळा वेळ फुकट जातो. म्हणून ‘आधीं उतरूं द्या, मग चढा’ ही केवळ सभ्यता नव्हे. तींत चढणाऱ्याचेंही हित आहे.

स्टेशन चुकेल या भीतीनें कित्येक जण चालत्या गाडींतूनच उडी टाकतात. गतिमान वस्तु आपली गति आपोआप सोडीत नाहीं, हें विद्यार्थी शिकलेच आहेत. पाय फलाटास टेकतांच थांबतात. धड मात्र गाडीच्या वेगानें पुढें जाऊं पाहतें, व मनुष्य कोसळतो. दारांत लोंबकळणेंही तसेंच घातक. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून उतारू खालीं पडले व कांहींचे प्राण गेले. २५ डिसेंबर २०१७ पासून आपोआप मिटणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकलही मुंबईंत सुरू झाली. तींतून पडण्याची भीति नाहीं, पण दार मिटण्यापूर्वीं तेथवर पोंचणें भागच आहे.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, उतरण्याची तयारी एक-दोन स्टेशनें आधींच करावी. फलाट कोणत्या बाजूस येतो हें विचारून ठेवावें. पुढच्या गृहस्थास ‘आपण उतरणार काय?’ असें पुसावें. उतरणार असल्यास त्याच्यामागें राहावें, नसल्यास जागा बदलून घ्यावी. दप्तर पाठीवर न ठेवतां पोटाशीं धरावें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलास आपल्या पुढें ठेवावें, मागून ओढीत नेऊं नये. मागच्या मुलाचा हात सुटलेला गर्दींत कळत नाहीं. चुकामूक झालीच, तर मुलानें पुढच्या स्टेशनास उतरून फलाटावरच थांबावें व आपण मागच्या गाडीनें तेथें यावें, असें घरींच ठरवून ठेवावें. स्टेशन हुकल्यानें दहा-पंधरा मिनिटेंच जातात. तेवढ्यासाठीं जीव धोक्यांत घालण्याचें कारण नाहीं.

आणि आमच्या बालमित्रांनीं फलाटावर उभें असतां दारासमोरून दोन पावलें बाजूस सरावें. आंत कोणाची तरी आजी उतरण्यासाठीं धडपडत असेल. तिला वाट मिळेल.