मरळ, बेडूक, घोरपड: रेणाकाठचे पृष्ठवंशीय

रेणापूरच्या काळ्या मातीखालचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मासे जमिनीकडे वळले ते त्याच्याही कितीतरी आधी. त्यामुळे त्या पहिल्या पावलांचे जीवाश्म या खडकात मिळणार नाहीत. ते मिळाले कॅनडाच्या एल्समिअर बेटावर, २००४ मध्ये. ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या टिक्टालिक नावाच्या या प्राण्याच्या अंगावर माशाचे खवले होते, पण मान मोकळी होती आणि परांत खांदा, कोपर, मनगटाची हाडं होती.

जिवंत उदाहरणं पाहायला मात्र पहिल्या पावसात रेणा प्रकल्पाच्या काठाला जावं. मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. ती वर येऊन हवा गिळते. येऊ दिलं नाही तर पाण्यातच गुदमरते. तिचा हवा घेणारा अवयव मात्र डोक्यात, कल्ल्यांच्या वर असतो. ही तिची स्वतंत्र वाट, आपल्या पूर्वजांची नव्हे.

डबक्यातला पिवळाधमक नर बेडूक जरा जवळून पाहा. त्याच्या हनुवटीखालची कातडी सतत खालीवर होत असते. छाती फुगवायला बरगड्यांचा पिंजरा नाही, श्वासपटल नाही. म्हणून तो तोंडात घेतलेली हवा घशाने फुप्फुसात ढकलतो. किती कष्टाचा श्वास! अंडी त्याच्या मादीला पाण्यातच घालावी लागतात, कारण त्यांना कवच नसतं.

घोरपडीची ती अडचण सुटली. तिच्या अंड्यात गर्भाभोवती पाण्याची पिशवी असते, म्हणून कोरडं वारूळही तिला चालतं. तिला मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी तेलासाठी तिची शिकार होते. ती थांबलीच पाहिजे.