पंचवीस वर्षं गोलपोस्टखाली

फुटबॉलपटू किती मोठा, हे ठरवायला तो देशाकडून किती सामने खेळला ते मोजायचं, ही जगभरची रीत. या रीतीने माल्टाचा मायकल मिफसूद फार वरच्या रांगेत बसतो. २००० ते २०२० या वीस वर्षांत १४३ आंतरराष्ट्रीय सामने आणि ४२ गोल, दोन्ही त्याच्या देशाचे विक्रम. गोव्याचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर मात्र अशा कुठल्याही यादीत वर सापडत नाहीत. तरीही भारतीय फुटबॉलमध्ये दीर्घकाळ टिकलेल्या खेळाडूंचा विषय निघाला की जाणकार त्यांचं नाव आधी घेतात. ते बरोबरच करतात असं माझं मत आहे, कारण सामन्यांची संख्या खेळाडूइतकीच त्याच्या देशाच्या वेळापत्रकाचीही साक्ष देते, आणि गोलरक्षकाच्या बाबतीत तर ती हमखास चकवते.

माल्टा म्हणजे अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरचा देश. गोवा त्याच्या दहापटीहून मोठा. पण माल्टा युरोपीय फुटबॉल महासंघाचा सदस्य आहे, त्यामुळे विश्वचषक आणि युरो या दोन्ही स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या त्याच्या वाट्याला ठरलेल्या असतात. हरले तरी पुढचा सामना चुकत नाही. यात मिफसूदला कमी लेखायचा हेतू नाही. २००७ साली इंग्लंडच्या लीग कपमध्ये कॉव्हेंट्रीकडून खेळताना त्याने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला दोन गोल मारले, ते काही वेळापत्रकाने मारलेले नाहीत! पण भारताची गत पाहा. आपला संघ विश्वचषकाची पात्रता फेरी पहिल्यांदा प्रत्यक्ष खेळला तो १९८५ साली, आणि त्या गटात आपल्या वाट्याला सामने होते फक्त सहा. ज्या देशाला खेळायलाच क्वचित मिळतं, तिथल्या खेळाडूच्या नावापुढे मोठा आकडा येणार कुठून?

शंखवाळकरांचा जन्म १९५४ सालचा, ताळगावचा. पणवेल स्पोर्ट्स क्लबातून सुरुवात करून ते वास्कोच्या साळगावकर क्लबात गेले आणि उमेदीची बहुतेक वर्षं तिथेच राहिले. शेवटी चर्चिल ब्रदर्स आणि अँडरसन मरीन्स, अशी एकूण पंचवीस वर्षं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर भारताचं कर्णधारपदही त्यांच्याकडे होतं. पण माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीचा खरा पुरावा राज्यांच्या संघांमधल्या संतोष करंडकात आहे. १९८२-८३ मध्ये कलकत्त्यात गोव्याची बंगालविरुद्धची अंतिम लढत गोलशून्य राहिली आणि करंडक विभागून दिला गेला. पुढच्याच हंगामात मद्रासला गोव्याने पंजाबला १-० असं हरवून तो एकट्याने जिंकला, आणि अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. गोवा तेव्हा राज्यही नव्हतं. दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता, लोकसंख्या जेमतेम अकरा लाख. एका सामन्यात गोल न खाणं नशिबाने जमतं. स्पर्धाभर जमायला बचावफळी भक्कम लागते, आणि तिला मागून सतत हाका देत जागेवर ठेवणारा माणूस लागतो.

गोलरक्षण ही कारागिरीच आहे. लोकांच्या लक्षात राहते ती झेप. पण झेप बहुतेकदा उशिराच्या अंदाजाची भरपाई असते. चेंडू जसजसा सरकतो तसतसं दोन पावलं सरकून कोन बंद करणं, क्रॉसवर बाहेर यायचं की रेषेवर थांबायचं हे क्षणात ठरवणं, हे ज्याला साधतं त्याला उडी कमी मारावी लागते. हा अंदाज शेकडो सामन्यांतून मुरतो, म्हणून गोलरक्षक आघाडीच्या खेळाडूपेक्षा उशिरा पिकतो आणि जास्त टिकतो. त्यात संघात त्याची जागा एकच. शंखवाळकरांच्या काळात भास्कर गांगुली आणि अतनू भट्टाचार्य हे बंगालचे कसलेले गोलरक्षक स्पर्धेत होते. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये गांगुली तर कर्णधार होते. आघाडीवीर दुसरा निवडला तरी पहिल्याला बाजूला सरकवून खेळवता येतं. गोलरक्षकाला ती सोय नाही.

यावर कोणी म्हणेल, देशी स्पर्धांचा दर्जाच बेताचा, तिथे पंचवीस वर्षं टिकण्यात काय मोठं? आक्षेपात तथ्य आहे. गोव्याची लीग म्हणजे युरोप नव्हे, आणि संतोष करंडकावरून जागतिक दर्जा ठरवू नये. पण मी दावा जागतिक दर्जाचा करत नाहीच. एकाच मैदानी परिस्थितीत, त्याच प्रतिस्पर्ध्यांसमोर वर्षानुवर्षं पहिली पसंती राहणं ही तुलना अगदी न्याय्य आहे, कारण इतर सगळ्यांना परिस्थिती तीच होती. दुसरा आक्षेप, एकाच क्लबात राहणाऱ्याला आव्हान कुठलं? साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन चषक जिंकला, त्या स्पर्धेत कलकत्त्याचे मातब्बर क्लब असायचे. आव्हान दारात येत होतं.

अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ साली मिळाला, पद्मश्री २०२२ साली. मधली पंचवीस वर्षं मला खटकतात. त्यामागे दुष्टावा नसावा. आकडेच नसले की शिफारस तरी कशाच्या जोरावर लिहायची?

चिखली तालुक्यातल्या उंद्रीत हे वाचणाऱ्याला गोव्याचा फुटबॉल दूरचा वाटेल, पण अडचण इथलीही तीच आहे. कबड्डीचा एखादा चढाईपटू वीस वर्षं गावोगावच्या स्पर्धा गाजवतो आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर राहत नाही. म्हणून क्रीडा मंडळांना आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांना एवढीच विनंती: प्रत्येक स्पर्धेचा संघ, तारीख आणि निकाल वहीत लिहा, आणि ती वही जपून ठेवा.