काळ्याची चाल

बुद्धिबळाच्या पटावर पहिली चाल नेहमी पांढऱ्याची असते. काळ्याला मागून उत्तर द्यावे लागते. म्हणून काळ्याची बाजू किंचित दुबळी मानली जाते. तथापि उत्तर देणे म्हणजे नुसती नक्कल करणे नव्हे. पांढऱ्याने राजापुढील प्यादे दोन घरे पुढे सारले, तर काळा वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे पुढे नेऊ शकतो. त्यामुळे पटाच्या मध्यावर बाजूने दाब बसतो, दोन्ही पक्षांची मांडणी निराळी होते आणि लढतीला रंग चढतो. यालाच ‘सिसिलियन बचाव’ म्हणतात.

बचाव कोणताही असो, काळ्याचे खरे बळ धीरात असते. 2025 च्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एकीकडे नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. दुसरीकडे जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद दोनदा मिळविलेल्या कोनेरू हंपी. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले. पहिला जलद डावही तसाच सुटला. 28 जुलैच्या दुसऱ्या जलद डावात काळ्या सोंगट्या दिव्याकडे आल्या. तो डाव सिसिलियनचा नव्हता. परंतु कसोटी तीच होती. वेळ संपत आली, तेव्हा हंपींच्या हातून चूक झाली. दिव्याने ती हेरून डाव जिंकला. आईला मिठी मारताना तिचे डोळे भरून आले. त्याच विजयाने ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर ठरली.

पहिली चाल दुसऱ्याची असली, तरी डाव आपला होऊ शकतो.