दोघांत एकच कागद

‘मित्राला मदत करावी’ हे वाक्य साडेतीन वर्षांचं मूल घडाघडा म्हणून दाखवतं आणि पुढच्याच क्षणी शेजारच्याच्या हातातला खडू ओढतं. त्यात लबाडी नसते. मिल्ड्रेड पार्टन यांनी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेत मुलांचा खेळ बारकाईने टिपला आणि 1932 साली निष्कर्ष मांडले. लहानगी मुलं शेजारी बसतात पण खेळतात आपापलं. मिळून एकच काम करणं वयाबरोबर वाढत जातं. या वयात मित्र म्हणजे आत्ता माझ्याशी खेळतोय तो. म्हणून बालवाडीत मैत्रीवर धडा देण्यापेक्षा दोघांना मिळून करावंच लागेल असं काम देणं अधिक उपयोगाचं, आणि गोष्ट हवी ती त्या कामाकडे नेणारी.

आपल्याकडची चिऊ-काऊची गोष्ट तर जवळजवळ मैत्रीच्या विरोधातलीच. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा पावसात उभा, आणि चिमणी दार उघडायला एकामागून एक सबबी सांगते. असली गोष्ट मुलांना सांगावी का, ही शंका रास्त आहे. पण बोधकथेत भांडण आधीच मिटलेलं असतं. इथे ते दारात ताटकळतं. ताईने तिथेच थांबून विचारावं, चिमणी खरंच कामात आहे का? एखादं मूल कावळ्याची बाजू घेईल, एखादं ठासून चिमणीची. टोरांटोतल्या संशोधकांना 2017 साली असं आढळलं, की वाटून घेण्याच्या गोष्टीत प्राण्यांऐवजी माणसं असली तर चार ते सहा वर्षांची मुलं आपले स्टिकर जास्त वाटतात. मग चिऊ-काऊ बाद? तो प्रयोग एकदा वाचलेल्या गोष्टीच्या लगेचच्या परिणामाचा होता. त्यातून मी एवढंच घेईन, की चिमणीकडून स्वतःकडे मूल आपोआप वळेल असं धरून चालू नये. त्याला आधी कावळा होऊ द्यावं, मग घर बांधायला बसवावं.

घर बांधायचं ते दोघांत एका कागदावर, एकाच डिंकाच्या बाटलीने. एरवी कलाप्रकल्प म्हणजे सगळ्यांचे एकसारखे फ्रेंडशिप बँड, त्यातले निम्मे ताईंनीच चिकटवलेले! बोर्डीला 1945 पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, पानं, बिया अशा भोवतालच्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं, तेव्हा खर्चाची सबब टिकत नाही. (अंगणवाड्यांना साहित्य कमी द्यावं असा याचा अर्थ कुणी काढू नये.) डिंकावरून भांडण होणारच. त्या वेळी ताईने निवाडा न करता ‘तुझं झालं की मला दे’ हे शब्द पुरवावेत. अक्षरं कधी शिकवणार, असं विचारणाऱ्या पालकांना सांगता येईल, की मागणं, थांबणं, कारण सांगणं हेही भाषेचंच शिक्षण आहे.

मैत्री लादता येत नाही, हा आक्षेप सर्वांत वजनदार. शिकागोच्या बालशिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी 1992 च्या पुस्तकात आपल्या वर्गाचा एक नियम मांडला: कुणाला ‘तू खेळायचं नाहीस’ म्हणता येणार नाही. जिवलग कोण हे मुलानेच ठरवावं; वर्गातला खेळ मात्र सर्वांचा. त्याच न्यायाने एखाद्याला त्या दिवशी एकट्यानेच घर चिकटवायचं असेल तर त्याला वेगळा कागद द्यावा. डिंक मात्र मागूनच घ्यावा लागेल.